विचारा, सांगते : एवढे अकिरा आले कुठून?

मागच्या अंकात ‘राशोमोन’बद्दल एका वाचकाला उत्तर देताना मी जपानी दिग्दर्शक कुरोसावांचं पूर्ण नाव, अकिरा कुरोसावा, लिहिलं. त्यावर जी पत्रं आली त्यांत सिनेमा राहिला बाजूलाच, सगळ्यांनी धरलं ते त्यांचं पहिलं नाव. तेव्हा या वेळचं सदर अकिराला. पत्रं जागेपुरती छाटली आहेत, आणि पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे आपल्याआपल्यात.

माझ्या लेकीला मुलगी झाली. बारसं पुढच्या महिन्यात आहे. लेक-जावई ‘अकिरा’ म्हणून अडून बसलेत. त्यांनी मोबाइलवर दाखवलं, संस्कृत नाव आहे, अर्थ ‘डौलदार शक्ती’. व्याही म्हणतात, हे जपानी पुरुषाचं नाव. माझा विरोध नाही हो, पण बारशाला चार बायका विचारणार, तेव्हा सांगू काय?
— एक आजी, विलेपार्ले

ताई, व्याही बरोबर आहेत, आणि लेक-जावयाचंही फार बिघडलेलं नाही. बिघडलीय ती वेबसाइट. बाळांच्या नावांच्या या वेबसाइटी एकमेकींचं बघून लिहितात. एकीनं ‘संस्कृत’ म्हटलं की सगळ्याच म्हणतात. संस्कृतात ‘अकिरा’ नावाचा असा डौलदार शब्द नाही. ‘किरि’ आहे, तो अमरकोशात सापडतो, पण वराहाच्या नावांच्या यादीत. म्हणजे डुक्कर. बारशाला हे नका सांगू.

मुंबईच्या कानावर हे नाव आलं ते सिनेमातून. २०१२ च्या ‘जब तक है जान’मध्ये अनुष्का शर्माचं नाव अकिरा होतं, आणि २०१६ मध्ये तर सोनाक्षी सिन्हाच्या मारधाडीच्या सिनेमाचं नावच ‘अकिरा’. दोन्हीकडे मुलगी, दोन्हीकडे धीट. आपल्याकडे हे नाव मुलीचं झालं त्याला हे कारण पुरेसं आहे. शिवाय शेवटी ‘आ’ आला की आपला कान मुलगीच ऐकतो.

जपानात अकिरा बहुतेक करून पुरुष. पण सक्ती नाही. मुलींचीही असतात, आणि गोष्टींत तर आहेतच. ‘कोइ वा आमेआगारी नो यो नी’ नावाच्या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, नायिका सतरा वर्षांची ताचिबाना अकिरा. योकोहामातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटात काम करणारी, पायाच्या दुखापतीनं धावणं सुटलेली, फारसं न बोलणारी पोर. २०१८ मध्ये त्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिकाही आली आणि सिनेमाही. तिचं नाव लेखिकेनं चिनी चित्राक्षरात न लिहिता हिरागानात, म्हणजे जपान्यांच्या गोलसर वळणाच्या साध्या लिपीत लिहिलंय. पुरुषी वाटू शकणारं नाव मऊ करायची ती तिकडची रीत.

आता, चार बायकांसमोर संस्कृतचा धागा हवाच असेल तर एक खरा धागा देते. मात्र तो वेबसाइटच्या वाटेनं येत नाही, एका सैतानाच्या गोष्टीतून येतो. गो नागाई या चित्रकारानं १९७२ मध्ये ‘डेव्हिलमॅन’ नावाची मांगा काढली. तिच्यातला भित्रा, भिडस्त मुलगा म्हणजे फुदो अकिरा. त्याच्या अंगात राक्षस शिरतो आणि त्याच राक्षसाची ताकद घेऊन तो इतर राक्षसांशी लढतो. या पोराचं आडनाव-नाव मिळून तीन अक्षरं होतात. त्यापुढे ‘राजा’ हे चौथं अक्षर ठेवा, की होतो ‘फुदो म्योओ’. हा जपानातला एक मोठा देव आहे. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश, मागे ज्वाळा, खडकावर बसलेला, चेहरा रागीट. आणि हा देव आपला ‘अचल’. फुदो म्हणजे न हलणारा, म्योओ म्हणजे विद्याराज. तांत्रिक बौद्ध परंपरेबरोबर तो भारतातून चीनमध्ये गेला आणि नवव्या शतकाच्या सुरुवातीला कुकाई या भिक्षूनं ती परंपरा चीनहून जपानात नेली. त्याचं बीजाक्षर, ‘हां’, जपानी देवळांत अजून सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत लिहिलेलं दिसतं. तोक्योच्या नारिता विमानतळाजवळ त्याचं भलंमोठं देऊळ आहे. तिथं रोज अग्नी पेटवून आहुती देतात, त्या विधीला म्हणतात ‘गोमा’. होमच तो.

यातली मजा अशी की ‘विद्या’साठी चिन्यांनी जे अक्षर वापरलं, तेच सुटं घेतलं तर जपानीत अकिरा वाचता येतं. तेव्हा बारशाला बिनधास्त सांगा : नाव जपानी, अक्षराचा अर्थ उजेड, आणि तेच अक्षर तिकडे विद्येसाठीही चालतं. एवढं बोलेपर्यंत घुगऱ्या आल्या असतील.

मी दहावीत आहे. मला ॲनिमे आणि गेमचं वेड आहे. ‘डेव्हिलमॅन’चा हीरो अकिरा, ‘झॉम १००’चा अकिरा, ‘हिकारू नो गो’मध्ये अकिरा, ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये अकिरा, ‘याकुझा’ गेममध्येही अकिरा. माझा चुलतभाऊ म्हणतो हे सगळे १९८८ च्या जपानी ‘अकिरा’ सिनेमाला सलाम म्हणून ठेवलेत. खरं आहे का?
— भांडुप

दादाला सांग, तारखा बघ. डेव्हिलमॅन १९७२ चा, सिनेमा १९८८ चा. सोळा वर्षं आधीच सलाम कसा ठोकणार?

तुझ्या आईबाबांना विचार, अमिताभ पडद्यावर किती वेळा ‘विजय’ होता. जंजीर, दीवार, त्रिशूल, डॉन, काला पत्थर, शक्ती. सलीम-जावेदनी ते नाव पुन:पुन्हा वापरलं आणि पुढे ‘अग्निपथ’मध्ये दुसऱ्यांनीही तेच ठेवलं. तिथं विजय म्हटला की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, धुमसणारा. तू अकिराबद्दल तसंच काहीतरी धरून चालला आहेस. पण जपानी अकिरा हा असा एक माणूस नाही. खरं म्हणजे ते एक नावसुद्धा नाही.

हे मला पुस्तकात नाही, तळोज्याच्या एका कारखान्याच्या गेटवर नीट कळलं. मी तिथं दुभाषी म्हणून जायचे. जपानहून यंत्रं बसवायला माणसं यायची. त्यांच्यात कामाच्या जागी आडनावानंच हाक मारतात, पहिल्या नावाचा संबंधच येत नाही. पण आमच्या गेटवरच्या बाबांनी पास बनवले ते पहिल्या नावानं, इंग्रजीत. पाहतात तर अकिरा, अकिरा, पुन्हा अकिरा. एकच माणूस तीनदा लिहिलाय असं समजून त्यांनी दोन पास बाद केले आणि दोन इंजिनिअर उन्हात उभे. शेवटी तिघांनी आपापली व्हिजिटिंग कार्डं केबिनच्या टेबलावर ओळीनं मांडली. पहिल्या कार्डावर डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र, दोन्ही मिळून एक अक्षर. दुसऱ्यावर वर सूर्य आणि खाली ‘प्रकाश’ हे पूर्ण अक्षर. तिसऱ्यावर सूर्यचंद्राची जोडी नव्हतीच. पुस्तकातल्या प्रकरणाला ‘प्रकरण’ म्हणायला जपानी जे अक्षर वापरतात, ते होतं. तिन्हींचा उच्चार अकिरा. त्यांच्या लेखी ही तीन वेगळी नावं, आपल्या लेखी एकाच नावाचे तीन पास. बाबांनी तिन्ही कार्डांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पासांवर १, २, ३ घातलं.

तर अकिरा हा एक उच्चार आहे आणि त्याखाली डझनांनी अक्षरं बसतात. सूर्यचंद्राचं अक्षर सगळ्यांत ओळखीचं. ते कुरोसावांचं, ‘ड्रॅगन बॉल’वाल्या तोरियामांचं आणि तुझ्या डेव्हिलमॅनचं. ‘झॉम १००’चा तेंदो अकिरा ‘झळकणं’ या अक्षरानं लिहितात. ऑफिसात पिळून निघालेला हा पोरगा शहरात झॉम्बी सुटल्यावर ‘चला, उद्यापासून कामावर जायचं नाही’ म्हणून आनंदानं उड्या मारतो. सकाळच्या आठ-सोळाच्या लोकलमध्ये दाराला लटकलेल्या कुणालाही हा अकिरा लगेच कळेल. व्हर्च्युआ फायटरचा युकी अकिरा तीन सूर्यांनी लिहितात, एक वर, दोन खाली. ते अक्षर स्फटिकाचं. १९९३ मध्ये सेगा कंपनीनं तो गेम आणला तेव्हा त्यातली माणसं बहुभुजांची, टोकेरी, पैलू पाडल्यासारखी दिसत. त्यांत नायकाचं नाव स्फटिक! ठरवून असेल-नसेल, मला मात्र ते फार आवडतं. याकुझाचा निशिकियामा अकिरा आणखी वेगळ्याच अक्षराचा. २००५ च्या त्या पहिल्या गेममध्ये मित्र खुनाचा आळ स्वतःवर घेऊन दहा वर्षं तुरुंगात जातो आणि हा बाहेर राहून बदलत जातो. हिकारू नो गोमधल्या तोया अकिराला अक्षरच नाही. त्याचं नाव काताकानात, म्हणजे कोरड्या रेघांच्या उच्चारदर्शक लिपीत. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव हिकारू, तेही काताकानात. हिकारू म्हणजे चमकणारा. ‘गो’ या खेळाच्या पटाच्या दोन्ही बाजूंना उजेड बसवून ठेवलाय.

मग हे नाव एवढं दिसतं का? साधं कारण असं की खऱ्या आयुष्यातच ते भरपूर होतं. गोष्टी लिहिणाऱ्यांच्या वर्गात अकिरा होते, त्यांच्या शिक्षकांत होते, वरिष्ठांत होते. १९५४ चा पहिला ‘गॉडझिला’ घे. पडद्यावर तरुण नायक ताकारादा अकिरा, आणि काळजात धडकी भरवणारं ते संगीत इफुकुबे अकिरांचं. एकाच सिनेमात दोघे, अक्षरं वेगवेगळी. इफुकुबेंचं अक्षर तेच, जे ‘शोवा’ या युगाच्या, म्हणजे तिकडच्या एका सम्राटाच्या कारकिर्दीच्या, नावात पहिलं आहे. १९२६ च्या डिसेंबरात शोवा युग सुरू झालं, आणि मग नव्या बाळांच्या नावांत ते अक्षर हौसेनं बसवलं गेलं. इफुकुबे त्याच्या आधीचे, १९१४ चे, म्हणजे त्यांना ते युगामुळे नाही मिळालं. पण पुढच्या कित्येकांना मिळालं.

दुसरं कारण लेखकाच्या सोयीचं. उच्चार तीन सोपे ठोके, कुणालाही हाक मारता येते. आणि अक्षर बदललं की माणूस बदलतो. डेव्हिलमॅनला देवाचं अक्षर, झॉम्बीवाल्याला झळाळीचं, लढवय्याला स्फटिक. आपल्याकडे ‘प्रकाश’ लिहायची एकच रीत, त्यात लेखकाला खेळायला जागा कुठं आहे?

तरी तुझ्या चुलतभावाला अगदीच उताणं पाडत नाही. जपानच्या बाहेर त्याचं म्हणणं थोडं लागू पडतं. परदेशात ‘एखादा जपानी मुलगा’ रंगवायचा झाला की अकिरा हे नाव चटकन सुचतं. ते आधी कुरोसावांमुळे आणि मग त्या लाल मोटरसायकलवाल्या सिनेमामुळे. आणि सलामाचंच म्हणशील, तर तो उलटा आहे. त्या सिनेमातच दुसऱ्याला सलाम आहे. दिग्दर्शक ओतोमो कात्सुहिरोंनी लहानपणच्या एका मांगाचा आदर ठेवून हे सगळं रचलं. ती मांगा म्हणजे १९५६ ची ‘तेत्सुजिन २८’, म्हणजे लोखंडी माणूस क्रमांक २८. तिच्यातला मुलगा कानेदा शोतारो, ओतोमोंचा मोटरसायकलवालाही कानेदा शोतारो. आणि अकिराचा प्रयोगशाळेतला नंबर? २८. कॉमिक कॉनला पाठीवर कॅप्सूलचं चित्र असलेलं लाल जॅकेट घालून फिरणाऱ्या मुलांना हे विचारून बघ. आणि हो, ते जॅकेट अकिराचं नाहीच, कानेदाचं आहे.

आमच्या वाचनकट्ट्यावर काझुओ इशिगुरोंची ‘व्हेन वी वेअर ऑर्फन्स’ वाचली. त्यात नायकाच्या बालमित्राचं नाव अकिरा. कट्ट्यावरचा एक तरुण लगेच म्हणाला, ‘ओतोमोवरून घेतलंय.’ आम्हा साठीच्यांना हे ओतोमो प्रकरण माहीत नाही. दोन्हींत काही संबंध आहे का?
— शिवाजी पार्क

उसनवारीचा संबंध मी जोडणार नाही. मात्र ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत, आणि कट्ट्यावर एक संध्याकाळ त्यासाठी काढाच.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी ओतोमो. मांगा १९८२ पासून १९९० पर्यंत ‘यंग मॅगझिन’मध्ये चालली, सहा जाडजूड खंडांची, दोन हजारांहून जास्त पानांची. सिनेमा मधेच, १९८८ च्या जुलैत आला. सिनेमात १९८८ मध्येच तोक्यो बेचिराख झालंय आणि २०१९ मध्ये समुद्रावर उभारलेल्या निओ-तोक्योत गोष्ट घडते. तिथं २०२० च्या ऑलिंपिकची तयारी चालू आहे. (खऱ्या तोक्योला २०२० चं ऑलिंपिक मिळालं तेव्हा या सिनेमाचे चाहते कसे चेकाळले असतील, कल्पना करा.) टोळीतला एक पोरगा, तेत्सुओ, अपघातानंतर सरकारी प्रयोगात सापडतो, त्याच्यात भयंकर शक्ती जागी होते आणि तो अकिराला शोधत सुटतो. रस्त्यावर लोक अकिराचं नाव घेऊन नाचतात, त्याचा अवतार व्हायचाय म्हणतात. लष्कर त्याच्या नावानं थरथरतं. आणि सिनेमात अखेर तो सापडतो तेव्हा काय असतं? काचेच्या बरण्या, आणि त्यांत जपून ठेवलेले अवयव. ज्याच्या नावाचा सिनेमा, तो माणूस म्हणून जवळजवळ नाहीच. मांगात तो जागा होतो, पण लहानसं, गप्प पोर. तोंडातून शब्द निघणं मुश्कील.

आता इशिगुरो. क्रिस्टोफर बँक्सचं लहानपण शांघायच्या परदेशी वस्तीत, शेजारी अकिरा. दोघं एकत्र खेळतात. आईवडील बेपत्ता होतात, पोरगा इंग्लंडला जातो, मोठा गुप्तहेर होतो. १९३७ मध्ये तो परत येतो तेव्हा जपानी फौजा शांघायमध्ये लढताहेत. पडक्या घरांतून वाट काढताना त्याला एक जखमी जपानी सैनिक भेटतो, आणि बँक्स ठरवूनच टाकतो की हा आपला अकिरा. असेलही, नसेलही. इशिगुरो ते मोकळं सोडतात, आणि वाचक जितका बँक्सला ओळखत जातो तितकी त्याची शंका वाढते.

मला वाटतं, अकिरा नावाचा सगळ्यांत हुशार उपयोग या दोघांनीच केला. दोघांनीही नाव पुढे केलं आणि माणूस मागे ठेवला. वाचक नाव घोकत राहतो, आणि माणूस हाती लागत नाही. आणखी एक गंमत : ओतोमो आणि इशिगुरो दोघंही १९५४ चे. इशिगुरो नागासाकीत जन्मले आणि पाच वर्षांचे असताना इंग्लंडला गेले. त्या पिढीच्या जपानी मुलाच्या कानात बालमित्राचं नाव म्हणून अकिरा असणं अगदी साहजिक. त्यासाठी ओतोमोंची गरज नाही.

याच्या बरोबर उलट अकिरा बघायचा असेल तर कोरेएदा हिरोकाझूंचा २००४ चा ‘नोबडी नोज’ लावा. इथं हरवते ती आई. बारा वर्षांचा अकिरा तिघा धाकट्या भावंडांना घेऊन तोक्योच्या फ्लॅटमध्ये मागे राहतो, पैसे मोजतो, किराणा आणतो, शेजाऱ्यांना काही कळू देत नाही. १९८८ मध्ये उघडकीला आलेल्या एका खऱ्या प्रकरणावर तो बेतलेला आहे. ती भूमिका करणारा यागिरा युया चौदा वर्षांचा असताना कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. रडू येतं म्हणून मी पुन्हा बघत नाही, पण तुम्ही एकदा बघाच.

माझ्या मुलीचं नाव अकिरा. तिच्या पहिल्या वाढदिवसाला माझ्या मनगटावर तिचं नाव जपानीत गोंदवायचंय. गोंदवणाऱ्यानं तीन-चार डिझाइनं दाखवली, सगळी वेगळी. कुठलं खरं?
— लालबाग

वर भांडुपच्या मुलाला दिलेलं उत्तर वाचलंत तर कळेल की कदाचित सगळीच खरी. पण तुमच्या उपयोगाचं एकच.

एकच मोठं चित्राक्षर भारदस्त दिसतं म्हणून तेच घ्यावंसं वाटेल. अडचण अशी की सूर्यचंद्राचं अक्षर सुटं मनगटावर पाहून जपानी माणूस ‘अकिरा’च वाचेल याचा भरवसा नाही. तो ‘मेइ’ वाचेल, ‘अकारी’ वाचेल. चिनी माणूस ‘मिंग’ वाचून मोकळा होईल. खुद्द जपानात हा घोळ इतका जुना आहे की फोनवर नाव सांगताना ‘अकारुइमधला अकिरा’ असं म्हणावं लागतं, म्हणजे ‘उजेड असलेला’ या शब्दातलं अक्षर. त्यांच्या कुटुंबनोंदणीत कैक वर्षं अक्षर लिहायचं, उच्चार नाही, अशी पद्धत होती. उच्चारही नोंदवण्याचा कायदा लागू झाला तो अगदी आता, २६ मे २०२५ ला.

म्हणून काताकाना घ्या. जपानबाहेरची नावं त्याच लिपीत लिहितात, अकिरा तिच्यात तीन अक्षरांत बसतं आणि वाचणारा अडखळत नाही. तुमची लेक लालबागची आहे, तेव्हा तिला हीच लिपी शोभते. आणि ओतोमोंच्या अकिराचं नावही काताकानातच आहे, म्हणजे तुमच्या पोरीची संगत वाईट नाही.

तरीही सूर्यचंद्रच हवा असेल, तर गोंदवणाऱ्याकडे डोळे लावून बसा. डावीकडे सूर्य : उभा आयत, मधोमध एक आडवी रेघ. चार फटक्यांत होतो. उजवीकडे चंद्र : तसाच, पण थोडा उंच, आत दोन छोट्या रेघा, खालून उघडा. त्याचा डावा पाय खाली येताना बाहेर झुकतो, उजव्या पायाला टोकाशी आत वळलेला आकडा. तेही चार फटके. एकूण आठ. चंद्राचा डावा पाय सरळ खांबासारखा काढला की ते अक्षर शाळकरी दिसतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, स्टेन्सिल उलटा लावू देऊ नका. चंद्र डावीकडे गेला तर तुमच्या हातावर ना अकिरा ना मिंग. मशीन लावण्याआधी शाईनं उमटलेला ठसा मोबाइलवर काढून एखाद्या जपानी येणाऱ्याला दाखवा. हवं तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, बघून देईन.

थोडक्यात

*कुरोसावा नाव की अकिरा? (गिरगाव)* — कुरोसावा आडनाव. जपानीत आडनाव आधी, म्हणून तिकडे ‘कुरोसावा अकिरा’. १९१० ते १९९८. त्यांच्या १९९० च्या ‘ड्रीम्स’मध्ये त्यांची टोपी घालून त्यांच्याच स्वप्नांतून हिंडणारा नट आहे तेराओ अकिरा. म्हणजे अकिराची भूमिका अकिरानंच केली, फक्त वेगळ्या अक्षराच्या.

*‘अकीरा’ लिहावं की ‘अकिरा’? (मुलुंड)* — कि ऱ्हस्व. आपण मुंबईत ‘की’ ओढतो ते हिंदी सिनेमाच्या पोस्टरमुळे नाही, आपल्या सवयीमुळे. जपानीत तिन्ही ठोके सारखे आखूड, शेवटचा ‘रा’सुद्धा.

*नोबेल मिळालेला कुणी अकिरा आहे का? नवरा पैज लावून बसलाय. (चेंबूर)* — दोन आहेत, दोघंही रसायनशास्त्रातले. सुझुकी अकिरा २०१० मध्ये, कार्बनचे अणू पॅलेडियमच्या मदतीनं जोडण्याच्या पद्धतीसाठी. योशिनो अकिरा २०१९ मध्ये, लिथियम-आयन बॅटरीसाठी. तुमच्या मोबाइलमध्ये आहे तीच. नवरा ‘नाही’ म्हणत असेल तर हरला. पैज काय होती ते कळवा.

*अकिरा आणि अकिता एकच का? सोसायटीत एकानं कुत्र्याचं नाव अकिरा ठेवलंय. (दहिसर)* — नाही. अकिता हा उत्तर जपानमधला एक प्रांत, आणि तिथल्या जातिवंत कुत्र्यांनाही अकिता म्हणतात. तोक्योत शिबुया स्टेशनबाहेर मालकाची वाट पाहत बसणारा प्रसिद्ध हाचिको, तो अकिता. सोसायटीतल्या कुत्र्याला मात्र आता अकिराच म्हणा, एव्हाना त्याला ते कळायला लागलं असेल.